न चुकणारी फेरी

नाईकवाडे काकू पेढे घेऊन आल्या, ती वेळच मुळात चुकीची होती. रविवारची सकाळ. केतकी वाळिंबे नुकतीच न्हाऊन केस पुसत होती आणि तिचा नवरा हर्षद खिडकीशी बसून बाहेर बघत होता, म्हणजे डोळे बाहेर होते इतकंच. या घरात वर्षभर असंच चाललं होतं. दोघं जेवत होते, कामाला जात होते, विजेचं बिल भरत होते. पण काल काय जेवलात असं कुणी विचारलं असतं, तर दोघांनाही सांगता आलं नसतं.

काकू म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरी. बोलायला लागल्या की समोरच्याला 'हो' म्हणायलाही जागा ठेवायच्या नाहीत.

"केतकी, आधी तोंड गोड कर. आपल्या पार्किंगमध्ये तबल्याचा वर्ग येतोय, शिंत्रे सरांचा. तोच, तांबटवेशीतला. आणि मान तुमच्या घरचा आहे हो. नारळ तू वाढवायचास."

"आमचा कसा?" केतकीने विचारलं.

"अगं, फेऱ्या तुमच्या घराच्या ना. अख्ख्या गल्लीत कुणाच्या नाहीत एवढ्या. मंगळवार-शुक्रवार, न चुकता. मेसेज आला तेव्हा माझा तर ऊर भरून आला. म्हटलं, आपल्या जुईच्या तबल्यासाठी या दोघांनी किती..."

आणि तिथे काकू थांबल्या. ज्या मुलीच्या तबल्यासाठी या फेऱ्या व्हायच्या, ती जुई जाऊन वर्ष झालं होतं. काकू ते विसरल्या होत्या अशातला भाग नाही. डेंग्यूने पोर गेली तेव्हा तेराव्यापर्यंत या घरी रोज डबा त्यांनीच पोचवला होता. पण आनंदाच्या भरात माणसाचं डोकं अर्धंच चालतं, आणि मेसेजमध्ये 'वाळिंबे' आणि 'तबला' हे दोन शब्द शेजारी दिसल्यावर काकू तडक मिठाईच्या दुकानात गेल्या होत्या.

केतकीने पेढा हातातच धरला होता. "कधीपर्यंतच्या फेऱ्या आहेत, काकू?"

काकूंनी हर्षदकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला होता.

"परवाच्या शुक्रवारपर्यंतच्या," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "मी येते गं नंतर." आणि पेढ्यांचा बॉक्स चपलांच्या कपाटावर ठेवून त्या जिना उतरून गेल्या.

आता हे फेऱ्यांचं आणि मानाचं काय प्रकरण आहे, ते एकदा सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे अडायला नको.

आपल्याकडे पूर्वी शहर कसं वाढायचं, तर घरं एकीकडे, शाळा दुसरीकडे, दवाखाना तिसरीकडे, आणि हे सगळं शिवून धरायला गाड्या. रस्ता कमी पडला की रुंद करायचा, रुंद केला की आणखी गाड्या यायच्या. या शहरातल्या काही शहाण्या लोकांनी उलटा विचार केला. माणसाने वस्तूपाशी जाण्यापेक्षा वस्तूच माणसापाशी आणली तर? त्यासाठी त्यांनी एक यंत्रणा उभी केली. तिचं नाव 'ओढ'.

घर आणि जिथे माणूस गाडीने जातो ते ठिकाण, यांच्यामध्ये एक रबरी दोरी ताणलेली आहे असं समजा. प्रत्येक फेरीने ती दोरी थोडी जाड होते. शहरभर अशा लाखो दोऱ्या. 'ओढ' त्या सगळ्या एकदम बघते आणि हिशोब करते, की हा दवाखाना उचलून त्या गल्लीत ठेवला तर किती दोऱ्या सैल पडतील, ती गिरणी इकडे आणली तर किती. जिथे सगळ्यात जास्त ताण सुटेल, तो बदल आधी. बांधकामाचा खोळंबा नाही. हलक्या तयार भिंती आणायच्या, इमारतींखालच्या पार्किंगमध्ये जोडायच्या, की झाली खोली. गाड्या कमी होत गेल्या तसतशी पार्किंगं रिकामी पडत गेली, आणि गाड्यांच्याच जागेत वाचनालयं, पाळणाघरं, दातांचे डॉक्टर येऊन बसले.

यात एक मेख होती. सगळ्या फेऱ्या सारख्या नसतात. कुणी एकदा लग्नाला पन्नास मैल गेला म्हणून ते मंगल कार्यालय त्याच्या दारात आणायचं नसतं. म्हणून यंत्राला शिकवलं होतं की फेरी किती नियमाने होते ते बघ. जी गोष्ट माणूस न चुकता करतो, ती त्याची गरज. चुकते ती हौस. नियम सोपा होता, आणि बहुतेक वेळा बरोबरही.

सुरुवातीला लोकांनी कुरकुर केली, की आम्ही कुठे जातो याच्याशी यांना काय करायचंय. मग दवाखाना खाली आला आणि कुरकुर बंद झाली. हवा बदलली, रस्त्यात पोरं सायकली शिकायला लागली. हर्षद चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात कामाला होता, तो कारखानासुद्धा दोन गल्ल्या पलीकडे आला आणि तो पायी जाऊ लागला. आणि आपल्या लोकांना कशातही मानपान काढल्याशिवाय करमत नाही, त्यामुळे एक रीत पडून गेली. नवी सोय ज्याच्या फेऱ्यांमुळे आली, नारळ वाढवायचा मान त्याचा. गिरणी आली तेव्हा तो मान तळमजल्यावरच्या पाटोळे आजोबांना मिळाला होता, आणि त्यांनी त्या दिवशी फेटा बांधला होता.

तर अशी ती रीत. काकू गेल्यावर केतकीने पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

"उभ्या गाडीची बॅटरी उतरते," ती म्हणाली. "म्हणून फिरवून आणतोस."

"हो," हर्षद म्हणाला. वर्षभर तो हेच सांगत आला होता. इमारतीत आता एकच गाडी उरली होती, यांची, जुनी पेट्रोलची. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तो किल्ली घ्यायचा, बॅटरीचं नाव सांगायचा आणि निघायचा. केतकी मान हलवायची.

"आत जातोस तू? सरांकडे?"

"नाही. समोर गुलमोहराखाली गाडी लावतो. बसतो."

"आणि?"

"आणि परत येतो."

केतकीने चहा टाकला. दोघांनी चहा प्यायला. साखर घालायची राहिली होती हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

हर्षदला वेड लागलेलं नव्हतं, हे सांगायला हवं. जुई गेली हे त्याला पक्कं माहीत होतं. स्मशानातून तोच परत आला होता. पण त्या दिवसापासून त्याच्या आत जे काही होतं ते बधिर झालं होतं, दाढ काढल्यावर गाल होतो तसं. रडू येत नव्हतं. लोक भेटायला आले, त्यांनी रडून घेतलं, आणि हा त्यांना पाणी देत राहिला. नंतर एका मंगळवारी तो सवयीने गाडी काढून तांबटवेशीत गेला. आतून तबल्यांचा आवाज येत होता, नवशिक्या पोरांचा, धा धा तिट धा धा तुना, कुणी पुढे कुणी मागे. इतक्या हातांमध्ये एक जोडी तिची असायला काय हरकत होती? गाडीत बसून राहिलं की ती वर्गात असायची. साधी गोष्ट. वर्ग साडेसहाला सुटायचा, आणि हर्षद त्याच्या आधीच गाडी सुरू करायचा. सुटायच्या वेळी थांबलं असतं, तर पोरं बाहेर आली असती आणि त्यातलं एक आलं नसतं. आधी निघालं की जुई आतच राहायची. आठवड्यातून दोनदा, तासभर, त्याला मुलगी होती.

आणि आता तो वर्ग त्याच्या घराखाली येणार होता. त्याच्या गाडीच्याच जागेत. वर्ग घराखाली असला तर सुटायच्या आधी निघून जायचं तरी कुठे?

सोमवारी तो नियोजनाच्या कचेरीत हरकत नोंदवायला गेला. तिथे रुबीना अत्तार नावाची एक तरुण बाई होती. 'ओढ'चं काम बघणाऱ्या इंजिनिअरांपैकी एक. समोरच्या पडद्यावर तिने त्याची गल्ली उघडली.

"हरकत घेता येते, सर. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. तुमची फेरी काढली तर इथे तबला बसत नाही, ताण पुरत नाही. मग ती जागा पार्सल ठेवायच्या खोलीला जाईल. फक्त गल्लीतली बाकीची मुलं बसने तांबटवेशीत जातात, त्यांचं तसंच राहील. कारण काय लिहू?"

"मला नको आहे."

"तसं नाही चालत, सर. वर्षभर तुम्ही एकदाही चुकला नाहीत. दिवाळीत वर्ग बंद होता तरी गेलात. इतकी नेमाची फेरी मी अजून बघितलेली नाही." तिने पडदा मागे सरकवला. "त्याच्या आधीच्या वर्षी बघा, कशी तुटक आहे. दोनदा जाऊन एकदा नाही. म्हणून तेव्हा वर्ग आला नव्हता तुमच्याकडे."

हर्षदने त्या तुटक रेषेकडे पाहिलं. एक खाडा सर्दीचा असणार. एक आत्याच्या लग्नाचा. एक दिवस जुई पलंगाखाली लपून बसली होती, म्हणाली होती, बोटं दुखतात, आज नको. त्याने हसून सोडून दिलं होतं. जिवंत पोरीच्या फेऱ्या अशाच असतात. यंत्राने त्या हौसेत धरल्या होत्या.

"आणि एक विचारायचं होतं," अत्तार मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सोडायला जाता आणि सुटायच्या आधी निघता, असं दिसतंय. म्हणजे आणायला घरातलं दुसरं कोणीतरी जात असणार, असं यंत्राने धरलंय. ती दुसरी फेरी सापडत नाहीये. मुलीला आणायला कोण जातं?"

कचेरीत पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावर कोणीतरी डबा उघडला होता, मेथीच्या भाजीचा वास येत होता.

"कोणी नाही," हर्षद म्हणाला. "माझी मुलगी गेली. वर्ष झालं. मी नुसता बाहेर बसतो."

'माझी मुलगी गेली' हे शब्द त्याने तोंडाने आजपर्यंत उच्चारले नव्हते. नातेवाइकांना केतकीच्या भावाने कळवलं होतं, शाळेला काकूंनी. वाटलं होतं की शब्द बाहेर पडले की काहीतरी होईल. काहीच झालं नाही. पंखा फिरतच होता.

अत्तार मॅडमनी पडदा बंद केला. "यंत्राला हे कळायची सोय आम्ही ठेवलेली नाही, सर," त्या म्हणाल्या. "हेच कारण लिहायचं असेल तर लिहिते. तुमची हरकत कोणी नाकारणार नाही. पण घरी एकदा बोला. मान तुमच्या मिसेसच्या नावावर लागलाय."

घरी केतकी कणीक मळत होती. हर्षदने तिला सगळं सांगितलं, तुटक रेषेचं, आणायला कोण जातं ते. सांगताना त्याचा आवाज हवामानाची बातमी सांगावी तसा सपाट होता. केतकीचे हात परातीत थांबले.

"आणि तू हरकत घेणार."

"खाली वाजायला लागलं तर तुला सहन होईल?"

"माझं नाव पुढे करू नकोस." ती वळली. तिच्या मनगटापर्यंत कणीक लागली होती. "मला राग आलाय, हर्षद. तू गेलास याचा नाही. एकटा गेलास याचा. दर मंगळवारी, दर शुक्रवारी तू पोरीपाशी जाऊन बसायचास आणि मला इथे या भिंतींपाशी ठेवून जायचास. बॅटरी उतरते म्हणे. गाडीत शेजारची जागा रिकामी होती ना? मला विचारलंस एकदा तरी?"

"तू आली असतीस तर..." तो अडखळला. "तू आली असतीस तर तू म्हणाली असतीस, की थांबू या सुटेपर्यंत."

"म्हणालेच असते."

"म्हणून."

केतकी परत कणकेकडे वळली आणि जोर लावून मळायला लागली. कणीक केव्हाच मळून झाली होती. "मला ऐकायचाय तिचा तबला," ती पाठमोरीच म्हणाली. "तिच्या हातचं नसलं तरी. तू काय करायचं ते कर."

शुक्रवारी संध्याकाळी हर्षद शेवटचा तांबटवेशीत गेला. तिला बरोबर चल म्हणावं असं जिन्यात त्याला वाटलं होतं, पण तो तसाच उतरला होता. गुलमोहराखाली बसला. फोनवर हरकतीचं पान उघडं होतं, खालची खूण तेवढी दाबायची होती. आत कोणीतरी तिट पुन्हा पुन्हा चुकत होतं आणि शिंत्रे सर पुन्हा पुन्हा वाजवून दाखवत होते. पार्सलांची खोली, की ही पोरं? यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी तो तासभर विचार करत बसला. साडेसहा व्हायला आले तशी त्याने गाडी सुरू केली, नेहमीसारखी. पान तसंच उघडं राहिलं आणि मुदत संपून गेली.

"नोंदवलीस हरकत?" केतकीने दार उघडतानाच विचारलं.

"नाही."

तिने बाजूला होऊन त्याला आत घेतलं.

रविवारी जागा मोकळी करायला लोक येऊन गाडी घेऊन गेले. सोमवारी भिंती आल्या. मंगळवारी पाचला सगळी गल्ली पार्किंगमध्ये जमली. काकूंनी रांगोळी काढली होती, पण रोजच्यासारखा त्यांचा आवाज नव्हता. केतकीने लग्नातली नाही आणि रोजचीही नाही अशी एक साडी नेसली होती. पहिल्या फटक्याला नारळ फुटला नाही. दुसऱ्यालाही नाही. "शेंडीच्या बाजूने नको, मधोमध," पाटोळे आजोबा म्हणाले. तिसऱ्याला फुटला आणि पाणी फरशीवर सांडलं, बरोबर जिथे इतकी वर्षं त्यांच्या गाडीचं तेल ठिबकायचं तिथे. तेलाचा डाग घासूनही गेला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि खोबऱ्याचे तुकडे वाटायला घेतले. केतकीला त्यांनी तुकडा दिला तो हातात न देता थेट तोंडात भरवला.

मग पोरं आत गेली आणि वाळिंबे नवरा-बायको वर आले.

साडेपाचला खालून आवाज सुरू झाला. फरशीतून यायचा तो, पायांना आधी कळायचा आणि कानांना मग. धा धा तिट धा धा तुना. कुणी पुढे, कुणी मागे. केतकी पलंगाच्या कडेला बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती ते पुसतही नव्हती. हर्षद खिडकीशी उभा होता. त्याला काही वाटत नव्हतं, आणि आपल्याला काही वाटत नाही याची मात्र भीती वाटत होती.

साडेसहा व्हायला आले तसा त्याचा हात आपसूक दारामागच्या खिळ्याकडे गेला. खिळ्यावर किल्ली नव्हती.

"कुठे चाललास?" केतकीने विचारलं.

"सुटेल आता."

केतकी उठली. तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं आणि पायांत चपला सरकवल्या. "चल," ती म्हणाली. "आज आणायला जाऊ."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तो दाराशीच थांबला. मग तिने त्याचा दंड धरला, आणि तो निघाला.

दोघं जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. समोरच नवं दार. वर्ग सुटला आणि पोरं एकदम ढकलाढकली करत बाहेर आली. काकूंची नात, बी विंगमधली जुळी, कोणी चप्पल शोधतंय, कोणी बोटांवर फुंकर घालतंय. दोघं प्रत्येकाकडे बघत होती. पोरं घराघरांत गेली. एकालाही बसची वाट बघावी लागली नाही. आवाज कमी होत गेला. मग एक मुलगी राहिलेली पाण्याची बाटली घ्यायला परत आत गेली, आणि दार पुन्हा उघडलं तेव्हा हर्षद अर्धवट उठला. तीच मुलगी बाटली घेऊन बाहेर आली आणि धावत गेली. तो खाली बसला.

आत शिंत्रे सर एकेका तबल्यावर कापड घालत होते. त्यांनी दिवा मालवला, बाहेर येऊन कुलूप लावलं आणि वळल्यावर त्यांना ही दोघं दिसली. ते तिथेच थांबले. खिडकीतून वर्षभर त्यांनी ती गाडी बघितली होती. एकदाही बाहेर येऊन विचारलं नव्हतं, आणि आज विचारायला उशीर झाला होता.

"सर," हर्षद म्हणाला, "आत कोणी राहिलंय का?"

सरांनी एकदा केतकीकडे पाहिलं. मग कुलपावरचा हात न काढता म्हणाले, "नाही, वाळिंबे. सगळी गेली."

हर्षदने मान हलवली. दोनदा, तीनदा, समजलं अशी. आणि मग ती मान हलायची थांबेना, खांदे हलायला लागले, आणि त्याच्या तोंडून जो आवाज आला तो त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. वर्षभर साठलेलं रडू होतं ते. वरच्या मजल्यावर कुणाचंसं दार उघडलं आणि हळूच परत बंद झालं. केतकीने त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि त्याला रडू दिलं. सर दोन पायऱ्या सोडून तिथेच टेकले.

"नाही आली गं ती," तो म्हणाला.

"नाही आली," केतकी म्हणाली. "मी बघितलं. मी होते ना इथे."